स्मारके आणि थकलेले देणे

दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबर या दोन दिवशी मुंबईच्या हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात. मंत्री येतात, मानवंदना होते, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात आणि दुपार होण्यापूर्वीच चौकातील वाहतूक पूर्ववत सुरू होते. ज्या कारंज्यावरून या भागाला पूर्वी नाव मिळाले ते फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे. त्याच्या शेजारी हाती मशाल घेऊन उभे असलेले शेतकरी आणि कामगार ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची निशाणी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे झालेल्या गोळीबारात, आणि त्यानंतर जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत ठिकठिकाणी झालेल्या गोळीबारांत जी माणसे पडली, त्यांच्या बलिदानाची ही खूण. हुतात्म्यांची संख्या कोणी १०५ सांगतात, कोणी १०६, तर कोणी १०७. आकडा एक नाही याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. गेलेल्या माणसांची मोजदाद समाज अजून करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु हे स्मारक पाहताना एक प्रश्न पडावयास हवा. राज्याने आपल्या जन्मकथेचे प्रतीक म्हणून शेतकरी आणि कामगार यांची निवड केली. गोळी लागून जो शेतकरी वा कामगार पडला त्याची आठवण दगडावर कोरली. मग ज्या शेतकऱ्याची जमीन धरणाखाली गेली आणि ज्या कामगाराच्या गिरणीचे दार एके दिवशी बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही, त्याची आठवण राज्याने कोठे ठेवली आहे? प्राणहानी एका क्षणात होते, तिला तारीख असते आणि तारखेला पुष्पचक्र वाहता येते. उपजीविकेची हानी वर्षानुवर्षे होत राहते. तिला तिथी नसते, म्हणून तिची पुण्यतिथीही होत नाही.

वीरगळाचा खालचा कप्पा

सार्वजनिक स्मारकाची कल्पना आपण पाश्चात्त्यांकडून घेतली असा एक समज आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्रातील शेकडो गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात आणि शेतांच्या बांधावर वीरगळ उभे आहेत. त्यांची रचना बहुधा ठरलेली असते. सर्वांत खालच्या कप्प्यात लढाई असते. कोठे गाईगुरे पळविणाऱ्यांशी झालेली झुंज, कोठे गावाच्या रक्षणासाठी केलेला सामना. मधल्या कप्प्यात अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेतात आणि वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही, वीराचे नाव काळाच्या ओघात हरवले आहे. तरीही तो माणूस कसा मेला आणि कशासाठी मेला, हे अक्षरओळख नसलेल्या गुराख्यालाही आजमितीस सांगता येते, कारण खालचा कप्पा शाबूत आहे.

आधुनिक स्मारकांची गोष्ट नेमकी उलटी होऊ लागली आहे. त्यांचा वरचा कप्पा भव्य असतो, तेथे ज्योत असते, संगमरवर असतो, उद्घाटकाचे नाव ठळक अक्षरांत असते. खालचा कप्पा, म्हणजे काय घडले, कोणी घडविले आणि कोणत्या कारणाने घडले, हा मात्र पुसट होत जातो. स्मारकाचे मूल्य ठरविण्याची कसोटी हीच असली पाहिजे. दुःखाला त्याने वंदन केले एवढे पुरत नाही. दुःखाचे कारण त्याने नोंदविले आहे काय, हे पाहिले पाहिजे.

सत्तेला कारणाची ही नोंद किती टोचते, हे आपल्याच द्विभाषिक राज्याच्या काळात दिसून आले आहे. महागुजरात आंदोलनात ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर गोळीबार झाला व तरुण विद्यार्थी मृत्युमुखी पडले. दोन वर्षांनी, १९५८ च्या ऑगस्टमध्ये, इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या जागी खांभी उभारली. खांभी म्हणजे गुजरातेतील वीरगळच. सरकारने ती काही दिवसांत हटविली आणि त्यावरून जो सत्याग्रह सुरू झाला तो अनेक महिने चालला. तो दगड फार मोठा नव्हता. गोळी कोठे झाडली गेली ती जागा तो दाखवीत होता, आणि तेवढेच सत्तेला असह्य झाले होते. मुंबई आणि अहमदाबाद, दोन्ही शहरांतील मृतांचा शत्रू एकमेकांचा शेजारी नव्हता, दोघांनाही एकाच राज्ययंत्रणेच्या गोळ्या लागल्या होत्या, ही जाणीवही त्या दगडात होती.

सुशोभीकरण आणि भरपाई

कारण पुसून टाकण्याचे दोन राजमान्य मार्ग आहेत. एक सुशोभीकरणाचा आणि दुसरा भरपाईचा.

पहिल्याचे उदाहरण अमृतसरचे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या शिपायांनी १६५० गोळ्या झाडल्या. सरकारी मोजणीनुसार ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज सुमारे हजाराचा होता. डायरला नोकरी सोडावी लागली, तेव्हा इंग्लंडमधील एका वृत्तपत्राने त्याच्यासाठी उघडलेल्या निधीत २६ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. इकडे भारतीयांनी वर्गणी काढून ती बाग विकत घेतली. १९५१ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. या बागेतील सर्वांत बोलकी वास्तू स्मारकस्तंभ ही नव्हेच. ज्या अरुंद बोळातून शिपाई आत आले तो बोळ आणि गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती, हाच तिथला खालचा कप्पा. २०२१ साली बागेचे नूतनीकरण झाले. त्या बोळाच्या भिंतींवर माणसांची शिल्पे बसविण्यात आली, प्रकाश आणि ध्वनीच्या साहाय्याने प्रसंग दाखविण्याची सोय झाली. जुन्या वास्तूंची डागडुजी आवश्यकच असते आणि पर्यटकांची सोय पाहण्यात गैर काही नाही. परंतु ज्या बोळाचा ओकाबोका अरुंदपणा हाच पुरावा होता, तो सजविल्याने पुरावाच झाकला गेला, ही अनेक इतिहासकारांनी घेतलेली हरकत निराधार म्हणता येणार नाही. २०१९ साली, शताब्दीच्या वेळी, ब्रिटिश पंतप्रधानांनी त्यांच्या संसदेत खेद व्यक्त केला. स्पष्ट क्षमायाचना मात्र केली नाही. शंभर वर्षांनंतरही शब्दांची एवढी काटकसर होते, याचा अर्थ स्मरणाला व्यवहारात किंमत आहे.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण भोपाळचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली आणि लाखो कायमची जायबंदी झाली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरमध्ये तडजोड झाली. पुढे भरपाईच्या दाव्यांतून बाधितांची संख्या तडजोडीच्या वेळी धरलेल्या संख्येच्या कितीतरी पट निघाली. तरी रक्कम तीच राहिली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्यात साठलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलवावयास २०२५ साल उजाडले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, कारखान्याचा नफा खासगी खात्यात जमा झाला आणि त्याचा खर्च वस्तीच्या फुप्फुसांवर टाकण्यात आला. अशा व्यवहारात एकरकमी भरपाई ही खाते बंद करण्याची पावती ठरते. भोपाळच्या लोकांनी ती पावती मान्य केली नाही. दुर्घटनेनंतर वर्षभरातच कारखान्याच्या बाहेर मुलाला कवटाळणाऱ्या मातेचे शिल्प उभे राहिले, आणि २०१४ साली वायुपीडितांच्या संघटनांच्या पुढाकाराने तेथे एक संग्रहालय सुरू झाले. त्यात राजचिन्हे नाहीत. पीडितांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजातल्या हकिकती आहेत. खाते अजून उघडे आहे, हे सांगणे हाच त्या संग्रहालयाचा हेतू.

मुळशी ते गिरणगाव

अमृतसर आणि भोपाळ यांच्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. महाराष्ट्राने स्वतःच्या अंगणात पाहिले तर काय दिसते?

पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटांच्या कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले, तेव्हा पन्नासाहून अधिक गावांपुढे बुडण्याचे संकट उभे राहिले. आंबेमोहर भातासाठी प्रसिद्ध असलेली ती खाचरे सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीला मिळवून दिली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे सेनापती झाले आणि ती पदवी त्यांना जन्माची चिकटली. जगात धरणाविरुद्ध झालेल्या अगदी पहिल्या संघटित लढ्यांपैकी हा एक. तो अयशस्वी झाला. त्याच्या अपयशात परक्या सरकारचा आणि कंपनीचा वाटा होताच. पण मुळशीतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि त्यांतील अनेकांना जमिनीपेक्षा मोबदला अधिक प्रिय वाटला, हेही विसरता येत नाही. ज्याच्या नावावर जमीन त्याला पैसे मिळाले. ज्याच्या घामावर जमीन त्याच्या वाट्याला स्थलांतर आले.

मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना मिळू लागली. ज्या गिरण्यांचे चाक या विजेवर फिरले त्यांत कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसे राबत होती. म्हणजे एका शेतकऱ्याच्या बुडालेल्या शेतातून दुसऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची रोजी निघाली. विकासाचा हिशेब असा गुंतागुंतीचा असतो आणि तो प्रामाणिकपणे मांडावयाचा तर जमेची बाजूही लपविता येणार नाही.

परंतु ही जमेची बाजूही साठ वर्षे टिकली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेण्यात आलाच नाही. तो विरत गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मागे राहिली ती सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीची ढोबळ मानाने तीन हिश्शांत वाटणी सांगितली होती: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियमाचा शब्द बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागाची करावयाची, असे ठरले. उच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो मान्य केला. शहराचा आणि घरबांधणीचा वाटा एका शब्दाने आकसला. घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार व त्यांचे वारस दीड लाखांहून अधिक. ज्यांना घर मिळाले त्यांची संख्या त्या मानाने अल्प.

आज लोअर परळला ज्या रस्त्यावर फिनिक्स गिरणीच्या जागी बाजारसंकुल उभे आहे आणि कमला मिलच्या आवारात कचेऱ्या व उपाहारगृहे गजबजलेली असतात, त्या रस्त्याचे नाव सेनापती बापट मार्ग असे आहे. पुण्यातही त्याच नावाच्या रस्त्यावर काचेच्या उंच इमारती आहेत. पाटीवर सेनापती आहे. त्याची सेना कोण होती, ती कोणाशी लढली आणि का हरली, याचा पाटीवर मागमूस नाही. विस्थापितांच्या पुढाऱ्याचे नाव ज्या रस्त्याला दिले, त्याच रस्त्याच्या कडेने पुढे कामगारांचे विस्थापन झाले. पाट्या लावणाऱ्यांना ही विसंगती जाणवली नसेल. ती न जाणवणे हेच खरे विस्मरण होय.

गिरणगावाची आठवण राहिली ती साहित्यिकांमुळे आणि संशोधकांमुळे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने संपानंतरच्या एका कुटुंबाची पडझड रंगभूमीवर आणली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखती घेऊन गिरणगावाचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला. काळाचौकीच्या जुन्या गिरणीच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची योजना महापालिकेने आखली, ती स्वागतार्ह आहे. परंतु तेथे केवळ साचे, चाती आणि भोंगा मांडून ठेवले, आणि १९८२ चा संप, १९९१ ची वाटणी व २००१ चा बदल यांविषयी मौन पाळले, तर ते यंत्रांचे स्मारक होईल. कामगारांचे होणार नाही.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला व्यावहारिक आहे. धरणे बांधली नसती तर शेते आणि शहरे दोन्ही अंधारात राहिली असती. तोट्यातल्या गिरण्या अनंतकाळ चालविता आल्या नसत्या. प्रत्येक हानीचे स्मारक करू गेल्यास पाऊल ठेवावयास जागा उरणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. पण धरण बांधावे की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्याची किंमत कोणी दिली ते नोंदवावे की नाही हा वेगळा. ज्या पेढीच्या वहीत फक्त जमा लिहिली जाते आणि खर्च लिहिला जात नाही, तिच्या भरभराटीवर कोणताही जाणता कारकून विश्वास ठेवणार नाही. राज्याच्या प्रगतीलाही तोच नियम लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या अन्यायाची आठवण ठेवल्याने जखमा चिघळतात, जातीजातींत आणि धर्माधर्मांत वैर वाढते, असे म्हटले जाते. आठवणीचा असा दुरुपयोग होतो, हे नाकारता येत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजांच्या कृत्यांचा जाब आजच्या शेजाऱ्याला विचारला जातो, हे आपण पाहतोच. मात्र त्यावरचा उपाय विस्मरण हा नाही. नेमकी नोंद हा आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या लाभासाठी काय केले, हे जेथे स्पष्ट लिहिलेले असते, तेथे दोष त्या कृत्यापुरता मर्यादित राहतो. जेथे नोंद नसते तेथे कुजबूज असते, आणि कुजबुजीला सबंध जमात अपराधी ठरविण्यास वेळ लागत नाही. तपशील हा सूडाचा मित्र नाही. तो न्यायाचा मुनीम आहे.

हिशेबाचा दिवस

मग करावयाचे काय? त्यासाठी कोट्यवधींचे पुतळे नकोत. महसूल खात्याच्या दप्तरांत बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव, क्षेत्र आणि खातेदारांची यादी असते. प्रत्येक मोठ्या धरणाच्या काठी, जेथे सहलीची वाहने थांबतात तेथे, या गावांची नावे, किती कुटुंबे उठली, ती कोठे गेली आणि त्यांचे किती देणे राहिले आहे, हे लिहिलेला एक साधा दगड उभा करता येईल. त्यावर खातेदारांबरोबर कुळांचा आणि शेतमजुरांचाही उल्लेख हवा, नाहीतर मुळशीची चूक दगडावरही कायम होईल. गिरणीच्या जागेवर बांधकामाची परवानगी देताना महापालिकेस अशी अट घालता येईल की, प्रवेशद्वाराशी गिरणीचे नाव, ती सुरू झाल्याचे आणि बंद पडल्याचे वर्ष व हजेरीपटावरील कामगारांची संख्या कोरलेली असावी. इमारतीच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना किल्ल्यांवर जसे नेले तसे या दगडांपाशीही न्यावे, आणि आपल्या गावातील उठून आलेल्या कुटुंबांच्या हकिकती त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात. ती पिढी आता झपाट्याने संपत आली आहे.

दगडाइतकीच गरज आहे ती वार्षिक हिशेबाची. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी देशात सर्वप्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने, १९७६ साली. हा अभिमानाचा विषय आहे. पण कोयनेच्या धरणग्रस्तांना, धरण पुरे होऊन अर्धशतक उलटल्यावरही, पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली, हेही त्याच राज्याच्या इतिहासात लिहिले गेले आहे. १ मे हा महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. त्या दिवशी शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पुतळ्यापुढे पुष्पचक्र अवश्य वाहावे. त्याबरोबरच, पुनर्वसनाची किती प्रकरणे शिल्लक आहेत, किती जमीन द्यावयाची राहिली आहे आणि किती गिरणी कामगार घराची वाट पाहत आहेत, याचे निवेदन सरकारने दरवर्षी त्या दिवशी जनतेपुढे मांडावे. पुष्पचक्र दुसऱ्या दिवशी सुकते. निवेदनातील आकडा मात्र पुढच्या १ मे रोजी पुन्हा समोर येतो, आणि तो कमी झाला की नाही हे कोणत्याही शाळकरी मुलाला ताडून पाहता येते.